भिंतीला हाच रंग का? वास्तुकलेच्या विद्यार्थी प्रकल्पात रंग आणि पोत यांची निवड

नवी दिल्ली : वास्तुकलेच्या पाच वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमात प्रत्येक सत्राच्या अखेरीस विद्यार्थ्याला आपला प्रकल्प परीक्षकांच्या मंडळापुढे, म्हणजेच ज्युरीपुढे, मांडावा लागतो. नकाशे, छेद, दर्शनी बाजूंची रेखाटने आणि मॉडेल यांवर चर्चा होते आणि केव्हातरी एक साधा प्रश्न विचारला जातो : भिंतीला हाच रंग का? अनेक विद्यार्थी या प्रश्नापाशी अडखळतात. खोल्यांची मांडणी, जिने, खांब आणि खिडक्या यांवर त्यांनी कित्येक आठवडे खर्च केलेले असतात. रंग आणि पोत मात्र सादरीकरणाच्या आदल्या रात्री संगणकाच्या पडद्यावरील तयार यादीतून निवडलेले असतात. साहजिकच 'चांगला दिसतो' यापलीकडे उत्तर हाती नसते.

हे उत्तर अपुरे ठरण्याची कारणे केवळ सौंदर्यदृष्टीशी निगडित नाहीत. खोली दुपारी किती तापेल, दिवसा दिवे लावावे लागतील की नाही, आवाज किती घुमेल, वयस्कर व्यक्तीला पायरीची कड दिसेल का, पाच पावसाळ्यांनंतर भिंत कशी दिसेल आणि तिच्या दुरुस्तीचा भार कोणावर पडेल, या सर्व गोष्टी पृष्ठभागाच्या रंगावर आणि पोतावर बऱ्याच अंशी अवलंबून असतात. म्हणूनच ही निवड आराखड्याच्या सुरुवातीपासून, जागा आणि हवामानाच्या अभ्यासाबरोबरच व्हावी लागते.

विषय स्पष्ट होण्यासाठी एक उदाहरण समोर ठेवता येईल. समजा, तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला नागपूरजवळील तालुक्याच्या गावी एक लहान सार्वजनिक वाचनालय रचायचे आहे. उन्हाळ्यात तेथील पारा 45 अंश सेल्सिअसच्या आसपास जातो, पावसाळा भरपूर असतो आणि वाचनालय चालवणाऱ्या संस्थेकडे देखभालीसाठी फारसा निधी नसतो. अशा इमारतीसाठी रंग आणि पोत यांचा निर्णय कोणत्या क्रमाने घ्यावा?

आधी साहित्य, मग रंग

पहिली पायरी म्हणजे बांधकामाचे साहित्य. प्रत्येक साहित्य आपला रंग आणि पोत बरोबर घेऊनच येते. कोकणातील आणि गोव्यातील जांभा दगड तांबूस आणि सच्छिद्र असतो. दख्खनच्या पठारावरील काळा पाषाण गडद आणि घट्ट असतो. जैसलमेरचा दगड पिवळसर, धोलपूरचा वालुकाश्म फिकट किंवा लालसर, तर राजस्थानचाच कोटा दगड हिरवट-निळसर दिसतो. कर्नाटकातील शहाबादी फरशी आणि आंध्र प्रदेशातील काळी कडप्पा फरशी मराठी घरांना पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे. जवळ मिळणारे साहित्य निवडल्यास वाहतुकीचा खर्च वाचतो, ते बसवणारे कारागीर मिळतात आणि इमारत परिसराच्या रंगात सहज मिसळते.

साहित्याचा मूळ रंग उघडा ठेवण्याची परंपरा आधुनिक भारतीय वास्तुकलेत भक्कम आहे. लॉरी बेकर यांनी केरळमध्ये कमी खर्चाची असंख्य घरे बांधताना विटांवर गिलावा करणे शक्यतो टाळले. गिलावा आणि रंग हे दोन्ही खर्च त्यामुळे वाचले. विटा कडेवर उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवण्याची, 'रॅट ट्रॅप बाँड' या नावाने ओळखली जाणारी पद्धत त्यांनी रूढ केली. या पद्धतीत नेहमीच्या भिंतीपेक्षा सुमारे 25 टक्के विटा कमी लागतात आणि आतील पोकळीमुळे उष्णताही कमी शिरते. बेकर यांच्या भिंतींचा तांबडा रंग आणि विटांच्या रचनेतून उमटणारी नक्षी ही अशा रीतीने काटकसरीच्या आणि हवामानाच्या विचारातून आलेली आहे.

रंग भिंतीवर चढवण्याऐवजी भिंतीतच मुरवण्याची उदाहरणेही कमी नाहीत. गोवा, कोकण आणि कर्नाटकच्या किनारपट्टीवरील मंदिरांत व घरांत आढळणारी कावी कला हे त्यांपैकी एक. चुन्याच्या ओल्या गिलाव्यावर तांबड्या मातीच्या रंगाचा थर देऊन तो कोरला जातो आणि खालचा पांढरा थर उघडा होतो. रंग, पोत आणि चित्र या तिन्ही गोष्टी येथे गिलाव्याचाच भाग होतात. रंगीत ऑक्साइड घालून घोटलेली सिमेंटची जमीन किंवा तमिळनाडूतील चेट्टिनाड भागातील अथंगुडी फरशा यांमागेही हेच तत्त्व आहे.

नागपूरजवळच्या वाचनालयासाठी या टप्प्यावर दोन-तीन पर्याय समोर येतात. तांबड्या मातीच्या विटा मिळतातच. शिवाय कोराडी व खापरखेडा येथील औष्णिक वीज केंद्रांतून निघणाऱ्या राखेमुळे या भागात फ्लाय ॲश विटाही उपलब्ध आहेत. त्या करड्या, एकसारख्या आकाराच्या आणि नितळ कडांच्या असतात. दख्खनच्या पठाराची पूर्वेकडील कड नागपूरपर्यंत पोहोचत असल्याने जोत्यासाठी काळा दगडही मिळतो. करडी वीट निवडली की इमारतीचा मूळ स्वर शांत आणि थंड होतो. तांबडी वीट निवडली की तो उबदार होतो. पुढील सर्व रंग या मूळ स्वराशी जुळवावे लागतात.

रंगाचे तीन गुण आणि प्रकाशाची दिशा

रंगाबद्दल नेमके बोलायचे तर त्याचे तीन गुण वेगळे ओळखता आले पाहिजेत. अमेरिकी चित्रकार व शिक्षक अल्बर्ट मन्सेल यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मांडलेली पद्धत आजही उपयोगी ठरते. रंग तांबडा की निळा, ही त्याची छटा. तो उजळ की गडद, हा त्याचा उजळपणा. आणि तो भडक की मवाळ, ही त्याची तीव्रता. विद्यार्थ्यांचे लक्ष बहुतेक वेळा छटेवर खिळलेले असते. प्रत्यक्ष इमारतीत मात्र उजळपणाचा परिणाम सर्वांत मोठा असतो, कारण खोलीत किती प्रकाश परतून येणार हे त्यावरून ठरते.

रंग कंपन्यांच्या अनेक शेड कार्डांवर प्रत्येक छटेपुढे प्रकाश परावर्तनाचा आकडा छापलेला असतो. तत्त्वतः काळ्याचा आकडा 0 आणि शुद्ध पांढऱ्याचा 100 मानला जातो. वाचनाच्या खोलीत छत सर्वांत उजळ, भिंती त्याखालोखाल आणि जमीन सर्वांत गडद, असा क्रम साधारणपणे सोयीचा ठरतो. उजळ छतावर आदळलेला प्रकाश खोलीच्या आतल्या कोपऱ्यापर्यंत पोहोचतो आणि खिडकीपासून दूर बसलेल्या वाचकालाही दिवा न लावता वाचता येते. उजळपणाची पारख करण्याचा सोपा उपाय म्हणजे निवडलेल्या नमुन्यांचे मोबाइलवर छायाचित्र काढून ते कृष्णधवल करून पाहणे. दोन रंग एकसारखे करडे दिसले, तर छटा कितीही भिन्न असल्या तरी त्यांच्यातील फरक मंद प्रकाशात हरवण्याची शक्यता असते.

रंग शेजारच्या रंगानुसारही बदलतो. जर्मन-अमेरिकी कलाशिक्षक योझेफ आल्बर्स यांनी 1963 मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'इंटरॲक्शन ऑफ कलर' या ग्रंथातून हेच दाखवून दिले. एकच करडी पट्टी तांबड्या पार्श्वभूमीवर हिरवट आणि काळ्या पार्श्वभूमीवर फिकट भासते. त्यामुळे शेड कार्डावरील बोटभर चौकोनावरून भिंतीचा रंग ठरवणे धोक्याचे असते. निदान वर्तमानपत्राच्या पानाएवढा नमुना तयार करून तो ज्या साहित्याशेजारी येणार आहे त्यालाच टेकवून पाहावा लागतो.

प्रकाशाची दिशा हा या गणितातील दुसरा घटक आहे. भारतात उत्तरेकडील खिडकीतून येणारा प्रकाश बहुतांश काळ मंद, एकसारखा आणि किंचित निळसर असतो. तेथे मवाळ उबदार छटा खुलतात. पश्चिमेकडील ऊन दुपारनंतर खोलवर शिरते आणि पिवळसर तांबूस होत जाते. तेथे आधीच उबदार असलेला रंग आणखी तापल्यासारखा वाटतो. नागपूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्याने जूनच्या उत्तरार्धात मध्यान्हीचा सूर्य तेथे डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. त्या काळात सकाळी लवकर आणि संध्याकाळी उत्तरेच्या भिंतीवरही ऊन येते. 'उत्तरेला ऊन नसते' हे पाठांतर त्यामुळे सर्वत्र लागू पडत नाही.

पोत तर प्रकाशाच्या कोनावरच जगतो. भिंतीला घासून जाणारा तिरपा प्रकाश दगडाचा प्रत्येक उंचवटा, विटांच्या दर्जांमधील प्रत्येक सावली उठावदार करतो. समोरून येणाऱ्या प्रकाशात तीच भिंत सपाट दिसते. खडबडीत पोत वापरायचा असेल तर तो दिवसाच्या कोणत्या वेळी, कोणत्या बाजूने उजळेल, हे छेदात रेखाटूनच ठरवावे लागते. याच कारणाने, ओबडधोबड गिलाव्याच्या भिंतीलगत छतात झरोका ठेवल्यास कारागिरीतील त्रुटीही तितक्याच ठळक दिसतात.

उष्णतेचा हिशेब

भारतीय हवामानात रंगाचा संबंध थेट तापमानाशी येतो. राष्ट्रीय इमारत संहितेने देशाचे उष्ण-कोरडे, उष्ण-दमट, समशीतोष्ण, संमिश्र आणि थंड असे पाच हवामान विभाग केले आहेत. लेहमध्ये सूर्याची ऊब साठवणारी गडद भिंत उपकारक ठरू शकते. अहमदाबादेत तीच भिंत रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहते.

पृष्ठभाग उन्हाचा किती भाग परतवतो, याला सौर परावर्तन म्हणतात. छताच्या थंडपणाचे मोजमाप करताना वापरल्या जाणाऱ्या निर्देशांकात 0.80 परावर्तन असलेल्या प्रमाणित पांढऱ्या पृष्ठभागाला 100 आणि 0.05 परावर्तन असलेल्या काळ्या पृष्ठभागाला 0 हे मूल्य दिले जाते. म्हणजे एक पृष्ठभाग उन्हाचा 80 टक्के भाग परत पाठवतो, तर दुसरा 95 टक्के शोषून घेतो. एक-दोन मजली इमारतीत दिवसभर सर्वाधिक ऊन छतावर पडते. त्यामुळे छताचा रंग हा रस्त्यावरून न दिसणारा, पण आत बसणाऱ्यांना सर्वाधिक जाणवणारा रंग असतो.

प्रित्झ्कर पुरस्काराचे मानकरी बाळकृष्ण दोशी यांनी 1980 च्या सुमारास अहमदाबादेत उभारलेले 'संगथ' हे कार्यालय या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. त्याच्या अर्धगोल छतांवर चिनी मातीच्या पांढऱ्या फुटक्या फरशांचे तुकडे बसवले आहेत. पांढरा रंग ऊन परतवतो, तुकड्यांच्या रचनेमुळे वक्र पृष्ठभाग सहज झाकला जातो आणि पावसाचे पाणीही वाहून जाते. टाकाऊ मालातून साधलेला तो पोत आज त्या इमारतीची ओळख बनला आहे. अहमदाबाद महापालिकेने 2013 मध्ये उष्णता कृती आराखडा स्वीकारला आणि पुढे छतांना पांढरा लेप देण्याचा त्यात समावेश झाला. तेलंगणाने 2023 मध्ये थंड छतांसाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले. विद्यार्थी प्रकल्पातील छताचा रंग हा अशा सार्वजनिक धोरणांशी जोडलेला निर्णय आहे.

मात्र 'सर्व काही पांढरे' हा सरसकट उपाय नव्हे. लहान अंगणाभोवतीच्या पांढऱ्याशुभ्र भिंती दुपारी डोळे दिपवतात आणि परतवलेले ऊन समोरच्या खिडकीत ढकलतात. अशा ठिकाणी फिकट मातकट किंवा राखाडी छटा, किंवा स्वतःवरच बारीक सावली पाडणारा जाळीदार पोत अधिक सुसह्य असतो. वाचनालयाच्या उदाहरणात छतावर पांढऱ्या फुटक्या फरशा, बाहेरील भिंतींना करड्या विटांचा मूळ रंग आणि अंगणाच्या बाजूला विटांची जाळी, अशी विभागणी हवामानातूनच सुचते.

हाताला, पायाला आणि कानाला

पोत केवळ डोळ्यांसाठी नसतो. फिनलंडचे वास्तुरचनाकार युहानी पल्लास्मा यांनी 1996 मधील 'द आइज ऑफ द स्किन' या पुस्तकात आधुनिक वास्तुकला दृष्टीच्या आहारी गेल्याची आणि स्पर्श, ध्वनी, गंध मागे पडल्याची टीका केली होती. विद्यार्थ्यांच्या संगणकीय चित्रांना ही टीका आजही लागू पडते.

पायाखालचा पोत हा सुरक्षिततेचा प्रश्न आहे. चकचकीत घोटलेला कोटा खोलीच्या आत सुंदर दिसतो, पण पावसाळ्यात प्रवेशद्वारापाशी तोच निसरडा होतो. तेथे न घोटलेला, खरबरीत कोटा योग्य. एकाच दगडाचे दोन पोत वापरल्याने जमीन अखंड दिसते आणि पाय घसरत नाही. याउलट हाताची पकड जेथे पडते ते कठडे, दाराच्या मुठी आणि बाकांच्या कडा गुळगुळीत हव्यात. उन्हाने तापणारा उघडा लोखंडी कठडा विदर्भाच्या मे महिन्यात हात लावण्याजोगा राहत नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 नुसार सार्वजनिक इमारती सर्वांना वापरता येण्याजोग्या असणे अपेक्षित आहे आणि केंद्रीय गृहनिर्माण व नगरविकास मंत्रालयाने 2021 मध्ये त्यासाठी सुधारित मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. या तत्त्वांचा मोठा भाग रंग आणि पोत यांच्याशी निगडित आहे. रेल्वे स्थानकांवर दिसणाऱ्या उठावाच्या फरशा हे त्याचे परिचित रूप. जपानमधील सेइइची मियाके यांनी शोधलेल्या या फरशा 1967 मध्ये ओकायामा शहरात प्रथम बसवण्यात आल्या. लांब पट्ट्या पुढे चालण्याची दिशा दाखवतात आणि गोल ठिपके थांबण्याचा इशारा देतात. सजावट म्हणून या फरशा नागमोडी बसवणे किंवा जमिनीच्याच रंगात मिसळून टाकणे ही गंभीर चूक ठरते, कारण मंददृष्टी व्यक्ती रंगांतील फरकावर विसंबून असतात. पायरीची कड, दाराची चौकट आणि काचेचे दालन शेजारच्या पृष्ठभागापेक्षा स्पष्टपणे उजळ किंवा गडद असले पाहिजे. तांबड्या-हिरव्या छटांत फरक न कळणाऱ्या व्यक्तींसाठीही येथे छटेपेक्षा उजळपणाच कामाला येतो.

आवाजाचे उदाहरण चंदीगडमध्ये सापडते. ल कॉर्ब्युझिए यांच्या उच्च न्यायालयाच्या इमारतीतील कठीण काँक्रीटच्या दालनांत आवाज घुमू नये, म्हणून न्यायदालनांच्या भिंतींवर त्यांनीच रेखाटलेले लोकरीचे प्रचंड पडदे लावण्यात आले. रंगीत आकृत्यांचे हे पडदे ध्वनी शोषतात आणि करड्या भिंतींना उबही देतात. वाचनालयात इतका खर्च शक्य नसला, तरी पुस्तकांनी भरलेली कपाटे, काथ्याची चटई, कापडी फलक आणि सच्छिद्र विटांची जाळी हे काम बऱ्याच अंशी करतात. मुलांच्या विभागात चकचकीत फरशी, काच आणि रंगवलेले काँक्रीट एवढेच योजले, तर शांततेची पाटी लावूनही गोंगाट कमी होणार नाही.

पाच पावसाळ्यांनंतर

ज्युरीसमोरची इमारत नेहमी नवीकोरी असते, वापरणाऱ्यांसमोरची नसते. खडबडीत पोतावर धूळ साचते आणि दमट हवेत शेवाळ धरते. सपाट पांढऱ्या भिंतीवर खिडकीच्या कोपऱ्यांतून काळे ओघळ उतरतात. पाणी कोठून वाहणार, हे ठरवणारी पागोळी, छज्जा आणि खिडकीखालची ठिबकपट्टी ही म्हणूनच रंगयोजनेचीच अंगे आहेत.

अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. लुई कान यांनी रचलेला उघड्या विटांचा हा परिसर जगभरातील विद्यार्थी पाहायला येतात. विटांचा रंग, कमानींच्या सावल्या आणि भिंतींचा भारदस्त पोत यांमुळे तो अजोड मानला जातो. तथापि काळाच्या ओघात विटांची झीज, गळती आणि तडे यांचे प्रश्न उभे राहिले. डिसेंबर 2020 मध्ये संस्थेने 18 पैकी 14 वसतिगृहे पाडण्याचा प्रस्ताव मांडला आणि जगभरातून टीका झाल्यावर तो काही दिवसांतच मागे घेतला. त्याच परिसरातील विक्रम साराभाई ग्रंथालयाचे संवर्धन मात्र आधीच झाले होते आणि मुंबईच्या वास्तुरचना संस्थेने केलेल्या त्या कामाला 2019 मध्ये युनेस्कोचा आशिया-प्रशांत विभागातील पुरस्कारही मिळाला. उघडी वीट निवडताना तिची भाजणी, दर्जांतील मसाला आणि पाण्याची वाट यांचाही विचार करावा लागतो, हा धडा दोन्ही घटनांतून मिळतो.

देखभाल टाळणाऱ्या पोताचे उदाहरण दिल्लीत आहे. राज रेवल यांनी 1982 च्या आशियाई क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेल्या निवासी वसाहतीत दगडाची खडी मिसळलेला, वरून धुतलेला गिलावा वापरला. दगडाचाच रंग पृष्ठभागावर येत असल्याने तेथे वेगळा रंग द्यावा लागत नाही. दुसऱ्या टोकाला चुन्याची सफेदी आहे. ती वरचेवर द्यावी लागते, पण स्वस्त असते, भिंतीला श्वास घेऊ देते आणि गावातील कोणीही ती देऊ शकतो. कोणता मार्ग स्वीकारायचा, हे संस्थेकडे पैसा अधिक आहे की मनुष्यबळ, यावरून ठरते. वाचनालयाच्या भिंतीचा खालचा मीटरभर भाग हातांनी आणि दप्तरांनी मळणार, हे गृहीत धरून तेथे घोटलेला ऑक्साइड किंवा फरशी आणि वर चुना, अशी विभागणी व्यवहार्य ठरते.

स्मृती, ओळख आणि मोजका ठळक रंग

रंगाला इतिहासही असतो. 1876 मध्ये ब्रिटनचे युवराज आल्बर्ट एडवर्ड यांच्या भेटीच्या वेळी महाराजा सवाई रामसिंह यांनी जयपूर शहर गुलाबी रंगवून घेतले, असे सांगितले जाते. आज तो रंग शहराची ओळख आहे. तेथेच चार्ल्स कोरिया यांनी जवाहर कला केंद्र रचताना जयपूरच्या नगररचनेतील नऊ चौकांचा आधार घेतला आणि भिंतींसाठी लाल वालुकाश्म वापरला. शहराशी नाते सांगण्यासाठी त्यांनी गुलाबी रंगाची नक्कल केली नाही. त्या प्रदेशाच्या दगडाकडे आणि मांडणीकडे ते वळले. परंपरेचा आधार घेऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी हा फरक महत्त्वाचा आहे. नागपूरच्या वाचनालयावर राजस्थानी जाळी किंवा वारली चित्रांची पट्टी केवळ 'भारतीय' दिसावे म्हणून चिकटवली, तर तिचे समर्थन करणे कठीण जाते.

ठळक रंग टाळावेत, असा याचा अर्थ नाही. ल कॉर्ब्युझिए यांनी 1931 मध्ये 43 आणि 1959 मध्ये आणखी 20, अशा 63 छटांचे संच एका भिंतीकागद कंपनीसाठी तयार केले होते. इतका मोठा रंगसाठा हाताशी असूनही चंदीगडच्या उच्च न्यायालयात त्यांनी प्रवेशाचे तीन उंच स्तंभच हिरव्या, पिवळ्या आणि लाल रंगांत रंगवले. उरलेल्या इमारतीत करडे काँक्रीटच प्रामुख्याने दिसते. दूरवरून येणाऱ्याला प्रवेश कोठे आहे, हे सांगण्याचे काम ते रंग करतात.

अंतर्गत सजावटीच्या क्षेत्रात 60, 30 आणि 10 टक्के असा एक ढोबळ संकेत आहे. साठ टक्के पृष्ठभाग मूळ स्वराचा, तीस टक्के साहाय्यक आणि दहा टक्के ठळक. हा नियम नसून केवळ संयमाची आठवण आहे, पण विद्यार्थ्यांना त्याचा उपयोग होतो. वाचनालयात करडी वीट आणि पांढरे छत हा मूळ स्वर, लाकूड व हिरवट कोटा हा साहाय्यक, तर मुलांच्या विभागाचा दरवाजा, जिन्याची कड आणि पाण्याची जागा यांना एकच ठळक पिवळा, अशी योजना वाट दाखवण्याचेही काम करते.

मटेरियल बोर्ड आणि मॉडेल

शेवटचा टप्पा सादरीकरणाचा. मटेरियल बोर्डावर छापील चित्रांऐवजी प्रत्यक्ष तुकडे असावेत : विटेची फोड, फरशीचा काप, गिलाव्याचा लहान ठोकळा, लाकडाची पट्टी. हे बांधकाम चालू असलेल्या जागी किंवा दगडाच्या वखारीत मागितल्यास बहुधा विनामूल्य मिळतात. तुकड्यांचा आकार इमारतीतील त्यांच्या प्रमाणाशी सुसंगत ठेवावा. दहा टक्के वापरायचा पिवळा रंग बोर्डावर अर्धी जागा व्यापत असेल तर अंदाज चुकतो. बोर्ड वर्गातील पांढऱ्या दिव्याखाली, पिवळ्या दिव्याखाली आणि उघड्यावर असा तीन ठिकाणी पाहावा. एका प्रकाशात जुळणारे दोन नमुने दुसऱ्या प्रकाशात वेगळे पडू शकतात.

मॉडेलमध्ये प्रमाणाची चूक सर्वाधिक होते. प्रमाणित मॉड्युलर वीट मसाल्यासह 200 मिलिमीटर लांब आणि 100 मिलिमीटर उंच धरली जाते. 1:100 प्रमाणाच्या मॉडेलमध्ये तिचा थर अवघा 1 मिलिमीटरचा होतो. बाजारात मिळणारा विटांच्या चित्राचा कागद चिकटवला, तर त्यावरील वीट प्रत्यक्षात अर्धा मीटर उंच असल्यासारखी भासू शकते. म्हणून 1:100 ला भिंत एकरंगी ठेवून केवळ तिचा उजळपणा योग्य दाखवणे पुरेसे असते. विटांची रचना दाखवायची असेल तर भिंतीच्या एखाद्या भागाचे 1:20 चे स्वतंत्र मॉडेल करावे, जेथे तोच थर 5 मिलिमीटरचा होतो.

संगणकावरील रेंडरमध्येही हीच दक्षता लागते. सॉफ्टवेअरमध्ये जागेचे अक्षांश, महिना आणि वेळ न भरता काढलेले चित्र परक्या देशातील उन्हात उजळलेले असते. पृष्ठभागाचा एकच चौकोन पुन्हा पुन्हा उमटत असेल तर दगडी भिंत छापील कापडासारखी दिसते. शिवाय नकाशा वाचण्यासाठी वापरलेले रंग आणि इमारतीचे रंग यांची गल्लत होऊ नये, यासाठी सूचीत स्पष्ट नोंद करावी.

या सर्व निर्णयांची एका पानावर नोंद ठेवण्याची सवय उपयुक्त ठरते. प्रत्येक पृष्ठभागापुढे साहित्य, ते मिळण्याचे ठिकाण, त्यावर पडणारा प्रकाश, त्याला होणारा स्पर्श आणि त्याच्या दुरुस्तीची पद्धत लिहावी. ज्या पृष्ठभागापुढील रकाना रिकामा राहतो, त्याचा विचार अद्याप व्हायचा आहे, हे विद्यार्थ्याला ज्युरीच्या आधीच कळते. मग 'भिंतीला हाच रंग का' असे विचारल्यावर त्याला सांगता येते : वीट जवळच्या राखेची आहे म्हणून भिंत करडी आहे, मे महिन्यातील ऊन परतवायचे म्हणून छत पांढरे आहे, आणि पायरीची कड पिवळी आहे, कारण संध्याकाळी वर्तमानपत्र वाचायला येणाऱ्या आजोबांना ती दिसायला हवी.